धंद्याची विक्री: जागामालकाच्या संमतीवर अडलेला ताबा

भाड्याच्या जागेत चालणाऱ्या धंद्याच्या विक्री करारावर सह्या झाल्या, ताबा मात्र अडला. पूर्वअटीत (ताब्याआधी पुरी व्हायलाच हवी अशी अट) नुसतं 'जागामालकाची संमती मिळावी' एवढंच लिहिलेलं. मालकाने भाडेवाढ घालून पत्र दिलं. विक्रेता म्हणे अट पुरी झाली, खरेदीदार म्हणे नाही. पुरवणी करार करून सोडवलं. संमतीपत्राचा मसुदाच परिशिष्ट म्हणून जोडला, त्यात 'कोणतीही नवी अट न घालता' हे शब्द आले. पत्र आणायचं विक्रेत्याने. मालक मागेल ती आर्थिक कागदपत्रं खरेदीदाराने द्यायची (हे हमखास राहून जातं). अंतिम मुदत उलटली तर करार सोडता येईल, पण ज्याच्यामुळे उशीर झाला त्याला नाही. अट माफ करायचा हक्क फक्त खरेदीदाराला, तोही लेखी.

बँकेची तारणमुक्ती (कर्जापोटी तारण ठेवलेली मालमत्ता बँकेने मोकळी करणं) पूर्वअटीत टाकू नका. कर्ज विक्रीच्या पैशातूनच फिटणार असेल तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसतात. ती ताब्याच्या दिवसाच्या कागदांत ठेवा. आधी बँकेकडून थकबाकीच्या आकड्यासह, तेवढे पैसे मिळताच तारण सोडू अशी लेखी हमी घ्या.