रेशन बंद झालं? हायकोर्टाच्या आधी पोच

'धान्य मिळत नाही' एवढ्यावर कोर्टात काही होत नाही. तिथला पहिला प्रश्न असतो, आदेश कुठाय? आणि दुकानदार तर मशिनकडे बोट दाखवून म्हणतो, 'नाव दिसत नाही, ऑफिसला जा.' म्हणून आधी हे कागदावर आणा.

शिधावाटप कार्यालयात दोन प्रतींत अर्ज द्या: रेशन कार्डाचा बारा अंकी नंबर, धान्य कोणत्या महिन्यापासून बंद, नाव कोणत्या आदेशाने आणि कशामुळे कमी केलं, आधी नोटीस कधी दिली, तिची प्रत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसती सही नको. ती कोणाची, हे सहा महिन्यांनी कोणी सांगत नाही. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. उत्तराला 30 दिवस.

कारण नीट ओळखा. अंगठा लागत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचा आधार कार्डाबाबतचा 2018 चा निकाल कामी येतो: ओळख पटवताना मशिन फसलं म्हणून हक्क नाकारता येत नाही. नाव उत्पन्नावरून कापलं असेल तर मात्र जपून. महाराष्ट्रात शहरातल्या प्राधान्य कुटुंबाची (दरडोई धान्य मिळणाऱ्या) उत्पन्न मर्यादा वर्षाला 59,000 रुपये आहे. मुंबईत ही मर्यादा हास्यास्पदच, पण ती बदलून घेण्याची लढाई वेगळी. आपल्या याचिकेत ती घुसडली की मूळ मागणी रेंगाळते. खोटा दाखला तर अजिबात जोडू नका.

मग अन्न सुरक्षा कायदा, 2013 खाली तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याच्या आदेशावर अपील राज्य अन्न आयोगाकडे. ही पायरी गाळली तर हायकोर्ट बहुधा परत पाठवतं. नोटीसच दिली नसेल तर हा अडसर थोडा हलका होतो.

कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली सर्वांत मोठी बाई असते, याचिकाही तिच्याच नावाने करा. महिलांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाला 15100 वर फोन करा.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात करायच्या याचिकेत तीन मागण्या हव्यात: आदेश रद्द करा, निकाल लागेपर्यंत धान्य सुरू ठेवा, आणि थकलेल्या धान्याबद्दल अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 चा अन्न सुरक्षा भत्ता द्या. हिशेब किलोत मांडा. चार माणसं, दरडोई 5 किलो, सात महिने: 140 किलो. अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांचं) कार्ड असेल तर माणसं मोजू नका, कार्डामागे महिन्याला 35 किलो धरा. मराठी कागदांचं भाषांतर लागेल का, हे वकिलाला आधीच विचारा. त्यात दिवस जातात.

आदेश मिळाला की प्रत ऑफिसात द्या, पुन्हा पोच घ्या. दिलेल्या मुदतीत मशिनवर नाव आलं नाही तर अवमान याचिका. ती वर्षाच्या आत करावी लागते.