गस्तीवरची चौकशी: रस्त्यात कुणाला थांबवताना या चुका टाळा

रात्रीचे पावणेदोन. बंद दुकानांच्या मागच्या गल्लीत एक माणूस एका दाराची कडी हलवून बघतो, चार पावलं पुढे जातो, पुढच्या दाराची हलवून बघतो. एक हात खिशातच. गस्तीची गाडी गल्लीत वळते. गाडीतला अधिकारी पुढच्या अर्ध्या मिनिटात काय पाहतो आणि काय बोलतो, यावर तो धडधाकट घरी जाणार का हे ठरतं. हाती काही लागलंच, तर ते कोर्टात टिकणार का हेही तेव्हाच ठरतं.

अमेरिकी पोलिसांच्या भाषेत या चौकशीला फील्ड इंटरव्ह्यू म्हणतात. स्वतःचा जीव सांभाळणं हा एक धडा आणि कायदा सांभाळणं हा दुसरा, असं मानून बरेच जण ते दोन कप्प्यांत ठेवतात. माझ्या मते निम्म्या चुका तिथेच जन्माला येतात. दोन्हींचं मूळ एकच आहे: तोंड उघडण्याआधी नीट बघणं.

पहिली चूक: ही भेट कसली आहे हे न ठरवताच गाडीतून उतरणं

समोरचा माणूस मर्जीने बोलतोय, त्याला तात्पुरतं अडवलंय, की त्याला अटक झाली आहे? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. मर्जीने बोलायला कुठलंही कारण लागत नाही. अडवायला वाजवी संशय लागतो. अटकेला त्याहून भक्कम आधार लागतो. त्या जागी असलेल्या सामान्य समजदार माणसाला "मी इथून निघून जाऊ शकतो" असं वाटलं असतं का, ही कोर्टाची कसोटी आहे. तुमच्या मनात काय होतं, याला तिथे फारशी किंमत नाही.

गंमत म्हणजे, एक शब्दही न बोलता मर्जीच्या गप्पांची अडवणूक होऊन जाते. दोन अधिकारी दोन बाजूंनी उभे राहिले, दिव्यांचा झोत तोंडावर टाकला, गाडी आडवी लावली, की झालं. सगळ्यात जास्त फसगत होते ती ओळखपत्राने. १९८३ च्या फ्लोरिडा विरुद्ध रॉयर खटल्यात विमानतळावर अधिकाऱ्यांनी एका प्रवाशाचं तिकीट आणि वाहन परवाना स्वतःकडेच ठेवला आणि त्याला एका छोट्या खोलीत नेलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला अडवणूक ठरवलं. तिकीट आणि परवाना दुसऱ्याच्या हातात असताना माणूस जाणार कुठे? म्हणून गप्पाच मारायच्या असतील तर ओळखपत्र बघा, तपशील टिपा आणि लगेच परत द्या. ते घेऊन गाडीकडे चालू लागलात की भेटीचा प्रकार बदलला, हे ध्यानात असू द्या.

दुसरी चूक: "संशयास्पद वाटला" एवढ्यावर थांबणं

या विषयाचा पाया १९६८ चा टेरी विरुद्ध ओहायो हा खटला. निकालाइतकंच त्यातलं निरीक्षण वाचण्यासारखं आहे. ३१ ऑक्टोबर १९६३ ला क्लीव्हलँडमध्ये मार्टिन मॅकफॅडन नावाचा, ३९ वर्षं पोलिसात काढलेला डिटेक्टिव्ह दोन माणसांकडे बघत उभा राहिला. ते आळीपाळीने एकाच दुकानाच्या काचेसमोरून जात, आत डोकावत, परत येऊन कोपऱ्यावर एकमेकांशी बोलत. दोघांच्या मिळून डझनभर फेऱ्या झाल्या. मधेच तिसरा माणूस येऊन बोलून गेला. एवढं सगळं पाहिल्यावरच मॅकफॅडन पुढे झाला आणि त्याने कपड्यांवरून हात फिरवून त्यांची चाचपणी केली. दोघांच्या कोटांत रिव्हॉल्व्हर निघाले आणि ती चाचपणी कोर्टात टिकली. त्याच्या ३९ वर्षांच्या अनुभवाला वजन मिळालं, पण ते त्याने शब्दांत मांडलेल्या निरीक्षणांना जोडून. नुसत्या अंदाजाला ते मिळालं नसतं.

याउलट १९७९ च्या ब्राऊन विरुद्ध टेक्सासमध्ये, एल पासोच्या गल्लीतला माणूस संशयास्पद दिसत होता आणि या भागात आधी पाहिलेला नव्हता, एवढंच अधिकारी सांगू शकले. ते पुरलं नाही. २००० सालच्या फ्लोरिडा विरुद्ध जे.एल. मध्ये निनावी फोन आला होता: बसथांब्यावर चौकडीचा शर्ट घातलेल्या मुलाकडे पिस्तूल आहे. पिस्तूल खरोखरच सापडलं, तरी पुरावा बाद झाला. शर्टाचा रंगढंग कुणीही सांगेल, फोन करणाऱ्याला गुन्ह्याची खरी माहिती होती असं त्यातून दिसत नव्हतं.

उपाय साधा आहे. उतरण्याआधी स्वतःशीच एक वाक्य पुरं करा: "मी याला थांबवतोय, कारण मी अमुक आणि तमुक पाहिलं." वाक्य पुरं होत नसेल तर थोडा वेळ आणखी बघा, नाहीतर खरोखर मर्जीच्या गप्पा मारा आणि तो निघाला तर जाऊ द्या.

तिसरी चूक: थांबवलं की चाचपणी करायचीच

थांबवण्याचं कारण आणि चाचपणीचं कारण वेगवेगळं असतं. चाचपणी फक्त हत्यारासाठी, तीही हा माणूस सशस्त्र आणि धोकादायक असू शकतो असं म्हणायला आधार असेल तरच, आणि कपड्यांच्या वरून. १९९३ च्या मिनेसोटा विरुद्ध डिकर्सनमध्ये अधिकाऱ्याला खिशात बारीकशी गाठ लागली. ते हत्यार नाही हे कळल्यावरही त्याने ती दाबून, सरकवून, चोळून बघितली. अमली पदार्थ निघाला, पण पुरावा गेला. हत्यार नाही हे कळलं, त्याच क्षणी बोटं थांबायला हवी होती.

सवयीची चाचपणी उपयोगाचीही नसते. न्यूयॉर्क पोलिसांविरुद्धच्या २०१३ च्या फ्लॉइड खटल्यात समोर आलेले आकडे बघा. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाखांहून जास्त वेळा लोकांना थांबवलं. त्यांतल्या ५२ टक्के वेळा चाचपणी झाली आणि त्या चाचपण्यांपैकी जेमतेम १.५ टक्क्यांत हत्यार मिळालं. बाकीच्या लोकांनी भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हात वर केले ते कशासाठी? उद्या त्याच वस्तीत तुम्हाला साक्षीदार शोधायचा असतो.

चौथी चूक: बोलण्याच्या नादात हातांवरून नजर हटणं

इजा करतात ते हात. म्हणून आधी हात, मग चेहरा, मग उत्तरं. "हात जरा मला दिसतील असे ठेवा" हे शांतपणे सांगा. आवाज चढवलात की समोरचा घाबरून नेमका खिशाकडे हात नेतो. ओळखपत्र मागण्याआधी ते कुठे आहे ते विचारा, मग सावकाश काढायला सांगा.

अंगावर जाऊन उभे राहू नका. हाताच्या पल्ल्याबाहेर, जरा तिरकं उभं राहा, पिस्तुलाची बाजू मागे. टॉर्च दुसऱ्या हातात. उतरण्याआधीच कंट्रोलला (नियंत्रण कक्षाला) जागा आणि माणसांची संख्या सांगा, नंतर सांगायला वेळ मिळेलच असं नाही. दोघं असाल तर एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त बघायचं. दोघंही प्रश्न विचारू लागले की पहारा कुणाचाच उरत नाही. समोर तिघं असतील आणि तुम्ही एकटे, तर जोडीदार येईपर्यंत चाचपणीला हात घालू नका. चौकशीची नोंद करायचं कार्ड लिहिताना ते छातीच्या उंचीवर धरा, म्हणजे मान खाली जात नाही.

आणखी एक, फारसं न बोललं जाणारं. नाव कंट्रोलला कळवलं आणि रेडिओवरून मोठ्याने उत्तर आलं की याच्या नावावर वॉरंट आहे, तर ते तुमच्याइतकंच त्यालाही ऐकू जातं. पळायचं की भिडायचं, हे तो तुमच्याआधी ठरवून मोकळा होतो. कानात इअरपीस ठेवा, किंवा कंट्रोलशी सांकेतिक शब्द ठरवून घ्या.

मधेच अडलं तर

"मी जाऊ का?" असं विचारलं तर खरं उत्तर द्या. अडवलेलं नसेल तर "हो". अडवलेलं असेल तर "आत्ता नाही" आणि कारण. गोलगोल बोललात की तेच पुढे उलटतपासणीत समोर येतं.

नाव सांगायला नकार दिला, तर तुमच्या राज्याचा कायदा आठवा. २००४ च्या हिबेल निकालानुसार कायदेशीर अडवणुकीत नाव सांगण्याची सक्ती राज्य करू शकतं, पण प्रत्येक राज्यात तसा कायदा नाही. आणि अडवणूकच बेकायदा असेल तर नुसत्या नकारावर काही उभं राहत नाही.

माणूस चालू लागला, तो गुन्हा नव्हे. गुन्हेगारीसाठी बदनाम भागात पोलीस दिसताच धूम ठोकली, तर संशयात भर पडते, असं २००० च्या वॉर्डलो निकालाने म्हटलं. चालणं आणि पळणं यांतला फरक अहवालात जपून लिहा.

वेळेची ठरावीक मर्यादा नाही, पण शंका फिटली की सोडायचं. थोडक्या चौकशीत मिरांडाची सूचना (गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगणारी) लागत नाही. बेड्या घातल्या, गाडीत बसवलं आणि अटकेसारखी परिस्थिती झाली, की पुढचे प्रश्न सूचनेशिवाय विचारू नका.

शेवटची चूक: कार्डावर घाईचे दोन शब्द

कार्डावर कपडे, वेळ, गाडीचा नंबर नीट असतो आणि कारणाच्या रकान्यात "संशयास्पद हालचाल". सहा महिन्यांनी साक्षीला उभे राहाल तेव्हा त्या दोन शब्दांतून काहीही आठवणार नाही. त्या गल्लीतल्या माणसाबद्दल असं लिहा: "१:४५, दुकानं बंद. सलग दोन मागच्या दारांच्या कड्या हलवून पाहिल्या. गाडी दिसल्यावर उजवा हात खिशातच ठेवला."

समजा, तो रखवालदार निघाला, कामावर आजच रुजू झालेला, गणवेश अजून मिळायचा आहे. फोन लावून खात्री झाली. कार्ड तरीही पुरं करा आणि कारणाखाली त्याचं उत्तरही लिहा. ओळखपत्र त्याच्या हातात द्या. का थांबवलं ते त्याला सांगा, तुम्ही त्याला कुठल्या दारापासून पाहत होतात तेही सांगा, आणि मग गाडीत बसा.