कॅम्परसाठी योग्य अशी आयात केलेली फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल बस विकताना

कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, बनवण्यासाठी जपानमधून आणलेली बस घेणाऱ्याला प्रवासी वाहून न्यायचे नसतात. त्याच्या डोळ्यांसमोर पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी असते, आणि गाडी पाहताना तो मनातल्या मनात या वस्तूंची मांडणी करत असतो. म्हणून जाहिरातीत आसनसंख्या आणि पडद्यांचे कौतुक करण्यापेक्षा चालकाच्या आसनामागून मागच्या दारापर्यंतची लांबी, भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी आणि गाडीच्या आतल्या जमिनीपासून छतापर्यंतची उंची टेपने मोजून सेंटिमीटरमध्ये द्यावी. उंची मधल्या मार्गात आणि कडेला अशी दोन्ही ठिकाणी मोजावी, कारण छत बहुधा कमानदार असते आणि उंच माणसाला ताठ उभे राहता येईल की नाही, एवढ्यावरच काही सौदे ठरतात. मागच्या चाकांवरचे उंचवटे जमिनीतून किती वर येतात, तेही सांगावे.

आसने काढून टाकावीत का, असा प्रश्न हमखास पडतो. माझ्या मते काढू नयेत, आणि काढलीच तर फेकू नयेत. मूळ सीटबेल्टसह दोन-तीन आसने ठेवून प्रवासात मुलांना बसवता येते, आणि नव्या आसनांना मान्यता मिळवणे पुष्कळदा कटकटीचे असते. अर्धवट रूपांतर करून विकण्याचा मोहही टाळावा. आपण बसवलेले पलंगाचे फळकूट घेणारा बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच उखडतो.

आता गाडीच्या पोटाखाली. आयात केलेल्या बसची किंमत सर्वाधिक घसरते ती गंजामुळे. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटासारख्या बर्फाळ भागात रस्त्यांवर बर्फ वितळवणारी रसायने टाकतात, आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या नेमक्या अशाच भागांत अधिक वापरलेल्या असतात, ही या व्यवहारातली अडचण अनुभवी खरेदीदाराला ठाऊक असते. त्यामुळे सांगाड्याच्या मुख्य तुळया, स्प्रिंगच्या पट्ट्यांचे आधार, ब्रेकच्या नळ्या, पायरी आणि खिडक्यांच्या खालच्या कडा यांचे जवळून फोटो काढावेत. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो आणि खोल गंजात स्क्रूड्रायव्हरचे टोक रुतते, हा फरक स्वतः तपासून प्रामाणिकपणे लिहावा. विक्रीच्या तोंडावर खालून काळे डांबरी कोटिंग मात्र मुळीच मारू नये, कारण चाणाक्ष माणूस त्याचा एकच अर्थ काढतो.

फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणे, हा शब्द मोघमपणे वापरू नये. मित्सुबिशी फुसोच्या रोझा या लहान बसमध्ये ही सोय मिळते, पण त्याच नावाच्या बहुतेक बस केवळ मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे पुढच्या डिफरन्शियलचा (पुढच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) फोटो हा शंकेवरचा उत्तम उतारा आहे. यंत्रणा कायम चालू राहणारी आहे की गरजेपुरती जोडायची, हेही स्पष्ट लिहावे. गरजेपुरती जोडायची असेल, तर ती सैल मातीवर, खडीवर किंवा ओल्या गवतावर दाखवावी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती जोडून वळण घेतल्यास पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, तो फरक जिरायला जागा मिळत नाही आणि गिअरव्यवस्थेवर ताण येतो. सगळे टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावेत, हेही याच कारणासाठी.

इंजिन पाहायला येणाऱ्यासाठी ते आधीच गरम करून ठेवू नये. थंड डिझेल इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होणे हीच त्याची खरी परीक्षा, आणि इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून पाहणारा माणूस गरम इंजिनाला विश्वासघात समजतो. थंड स्थितीतल्या सुरुवातीचा विनाकाट-छाट व्हिडिओ आधीच काढून ठेवावा. सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन लगेच थांबला तर चिंता नसते. तो रेंगाळला तर न जळलेले इंधन किंवा ज्वलनकक्षात शिरणारे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) यांचा संशय येतो. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, तर जोर लावताना दाट काळा धूर येत असल्यास हवा कमी पडत आहे किंवा इंधन जास्त होत आहे, असे समजावे. इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपांची हालचाल वेळेवर ठेवणारा पट्टा, असेल (टोयोटाच्या ४.२ लिटरच्या १एचझेड इंजिनाला तो असतो), तर तो किती किलोमीटरवर बदलला त्याची पावती दाखवावी. पावती नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असे धरूनच किंमत ठरेल.

या जपानी डिझेल बसची विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडून केलेली असते. कॅम्परची पुष्कळशी उपकरणे १२ व्होल्टवर चालतात, म्हणून घेणाऱ्याला व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर किंवा स्वतंत्र बॅटरी लागेल, ही गोष्ट लपवू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कोणी रेडिओसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढलेली असेल, तर ती काढून टाकावी. अशाने दोन्ही बॅटऱ्या असमान चार्ज होतात आणि दोन्ही लवकर निकामी होतात.

कागदपत्रांत पहिला घोळ वर्षाचा होतो. जपानी कागदांवर पुष्कळदा सम्राटाच्या कालगणनेचे वर्ष असते: हेसेई या कालखंडाच्या वर्षात १९८८ मिळवले की इसवी सन मिळते, म्हणजे हेसेई १५ म्हणजे २००३. तेथील प्रथम नोंदणीचे वर्ष, निर्मितीचे वर्ष आणि आपल्या देशातल्या नोंदणीचे वर्ष ही तीन वेगळी असू शकतात, तेव्हा तिन्ही लिहावीत. चेसिस क्रमांकही जपानी बाजारातल्या गाड्यांना १७ अंकाक्षरी नसतो. अर्जातला रकाना भरताना शून्ये घालून तो लांबवू नये. निर्यात प्रमाणपत्र, आयातशुल्काची पावती आणि जपानमधल्या वाहन-लिलावाची तपासणी-पत्रिका असल्यास त्यांच्या प्रती भाषांतरासह ठेवाव्यात. त्या पत्रिकेवरचे किलोमीटर आणि आजचे किलोमीटर यांचा मेळ बसला, तर निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

वजनाचा मुद्दा विक्रेते सहसा विसरतात. रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्यावी आणि कमाल मान्य वजनातून ते वजा करून उरणारी क्षमता जाहिरातीत द्यावी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यात लाकूड, बॅटऱ्या आणि माणसे. वाहन चालवण्याच्या परवान्याचा प्रश्नही यालाच जोडलेला आहे: युरोपात मोटारीचा सामान्य परवाना साधारणपणे ३,५०० किलो कमाल वजनापर्यंतच चालतो, आणि अनेक ठिकाणी आसनांची संख्याही गाडीचा वर्ग ठरवते. रूपांतरानंतर नोंदणीचा वर्ग बदलावा लागेल का, हे खरेदीदाराने आपल्या नोंदणी कार्यालयाकडून ठरवून घ्यावे. आपण त्याची हमी देऊ नये. जेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तेथे जपानी बसचे प्रवासी दार वाहतुकीच्या बाजूला उघडते. हेही आधीच सांगितलेले बरे, कारण पाहणीच्या दिवशी ते दिसणारच आहे.

किंमत ठरवताना साध्या बसच्या नव्हे, तर तशाच फोर-व्हील ड्राइव्ह बसच्या जाहिराती पाहाव्यात, आणि ज्ञात दोषांच्या दुरुस्तीचा लेखी अंदाज हाती ठेवावा. घासाघीस मग त्या आकड्याभोवती होते, हवेत होत नाही. चाचणी फेरीपूर्वी चालकाचा परवाना पाहावा आणि विमा त्याला लागू होतो का, हे तपासावे. विसार घेतल्यास रक्कम, मुदत आणि परत करण्याच्या अटी लिहून द्याव्यात. ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवून फरक परत मागणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवावा, आणि संपूर्ण रक्कम खात्यात खरोखर जमा झाल्याची बँकेकडून खात्री झाल्याखेरीज चावी देऊ नये. विक्रीपत्रावर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरही लिहावेत, दोघांनी सह्या कराव्यात, आणि त्याच दिवशी नोंदणी कार्यालयाला मालकीबदल कळवून मगच विमा बंद करावा.