ठासणीची रायफल: दोन बारांच्या मधे नळी कशी पुसायची

अमेरिकेत रेंजवर ठासणीची रायफल (दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने, म्हणजे लांब काठीने, ठासून भरायची) नव्याने चालवणाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं म्हणजे भरताना पहिल्या दोन-तीन गोळ्या मस्त खाली जातात आणि मग पुढची अर्ध्या नळीतच अडकते. दोष रायफलचा नसतो. काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा घन कचराच होतो, बराचसा धुरातून उडून जातो पण उरलेला थर नळीत बसतो, आणि तो हवेतला ओलावा ओढतो. कोरड्या हवेत तोच थर कडक होतो, तेव्हा जास्त त्रास.

आता ०.५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच नळीची, टोपीवाली रायफल धरू (घोडा आपटला की छोटी स्फोटक टोपी पेटते आणि तिची ठिणगी दारूला लागते), ०.४९० इंचाची गोल गोळी आणि तिच्याभोवती ०.०१५ इंच जाडीचा सुती पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा. सुतीच हं, सिंथेटिक कापड वितळतं.

बार झाला की नळीचं तोंड टार्गेटकडेच ठेवून जरा थांबा, आत ठिणगी असू शकते. नळीत फुंकर मारायची जुनी सवय असेल तर सोडा. मग पुसायचा पॅच ओलसर करायचा, ओला नाही! पिळल्यावर थेंब पडला तर जास्त झालं, ते पाणी खाली दारूच्या जागी साचतं आणि पुढचा बार फुसका. थुंकी किंवा साधं पाणी चालतं, पेट्रोलियमचं तेल नको, काजळीत मिसळून डांबरासारखं चिकट होतं. मी वापरलेली टोपी पुसताना तशीच ठेवतो, घोडा खाली, म्हणजे घाण निपलमध्ये (टोपी बसते त्या भोकाच्या नळकांड्यात) ढकलली जात नाही. पॅच गजाने एका दमात तळापर्यंत रेटू नका, थोडा आत थोडा बाहेर असं करत उतरवा, उलटा करून परत एकदा, शेवटी कोरडा पॅच. आणि दर बाराला हेच, सारखंच. एकदा पुसलं एकदा नाही असं केलं की गोळ्या टार्गेटवर वरखाली विखुरतात, मग लोक नेम धरायच्या साइटला शिव्या घालतात.

आता घोडा अर्ध्यावर घेऊन जुनी टोपी काढा. दारू ठेवायच्या शिंगातून ती थेट नळीत कधीच ओतायची नाही, ठिणगी राहिली असेल तर हातातलं अख्खं शिंग उडेल, आधी मापात घ्या मगच ओता. किती ते रायफलच्या मॅन्युअलमध्ये बघा, आणि आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते. वंगण लावलेला पॅच, त्यावर गोळी, गज नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरून छोट्या छोट्या दाबांनी खाली न्या, लाकडी गज लांबून रेटला की मोडतो आणि हातात घुसतो. चेहरा नळीच्या तोंडावर आणायचा नाही.

गोळी दारूवर नीट टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळी फुगू शकते. म्हणून भरलेल्या रायफलची खूण गजावर करून ठेवा, रेघ नळीच्या तोंडाशी आली की झालं, वर राहिली तर टोपी लावायची नाही. टोपी सगळ्यात शेवटी, तीही फायरिंग लाइनवरच. चाप ओढून बार झालाच नाही तर निदान मिनिटभर तोंड टार्गेटकडेच, कधी कधी उशिरा पेटतं.