डिजिटल चित्रांसाठी लिनक्स: आधी पेन तपासा, मग सिस्टम निवडा

लिनक्स ही विंडोजसारखी, पण मोफत आणि अनेक प्रकारांत मिळणारी सिस्टम. तिच्यावर चित्रं काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, कोणतं लिनक्स घेऊ? चित्रकाराने हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवावा. आधी बघायचं ते हे, की आपल्या ड्रॉइंग टॅब्लेटच्या पेनाचा दाब सिस्टमला नीट कळतो का. क्रिता, गिम्प, इंकस्केप, ब्लेंडर ही चित्रकलेची सॉफ्टवेअर कुठल्याही लिनक्सवर मिळतात आणि फुकट मिळतात. पेन मात्र सगळीकडे सारखं चालत नाही.

टॅब्लेट आणि त्याचा ड्रायव्हर

वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर (टॅब्लेट आणि सिस्टम यांना जोडणारा प्रोग्राम) लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे केबल लावली की काम सुरू. ह्युऑन आणि एक्सपी-पेनची बरीच मॉडेल्सही कर्नलमधल्या ड्रायव्हरवर चालतात. शिवाय दोन्ही कंपन्या स्वतःचा लिनक्स ड्रायव्हर देतात, आणि ओपनटॅब्लेटड्रायव्हर हा मुक्त पर्यायही आहे. यातला एकच वापरा. दोन ड्रायव्हर एकदम चालू राहिले तर दोघंही पेनाचा ताबा घेऊ बघतात. मग कर्सर उड्या मारतो किंवा दाब गायब होतो.

मशीन किती ताकदीचं हवं

हिशोब सोपा आहे. 300 डीपीआयचं (इंचाला 300 ठिपके) ए-थ्री पान म्हणजे 3508 × 4961 पिक्सेल. 8 बिट रंगात एका पिक्सेलला 4 बाइट लागतात, म्हणजे पूर्ण भरलेल्या एका लेयरला (चित्राच्या एका थराला) सुमारे 70 एमबी. गडकरी रंगायतनमधल्या एखाद्या नाटकाचं पोस्टर 30 लेयरमध्ये रंगवलं, तर नुसत्या लेयरलाच 2 जीबीच्या वर मेमरी गेली. अनडूचा हिशोब वेगळा, आणि 16 बिट रंग घेतला तर सगळं दुप्पट. दिवाळी अंकासाठी ए-फोर आकाराची चित्रं करणाऱ्याला 8 जीबी रॅम पुरते. मोठ्या कामाला 16 जीबी घ्या. जुना लॅपटॉप टाकून देण्याआधी त्यात रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) वाढवून बघा. वाशी प्लाझा किंवा लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना मॉडेल नंबर लिहून न्या, कारण काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते आणि वाढवता येत नाही.

कोणतं लिनक्स

नवशिक्याने लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी, 22 मालिकेतली. तिला 2029 पर्यंत अपडेट मिळतील आणि ती मुळात एक्स11 वर चालते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणा दोन: जुनी एक्स11 आणि नवी वेलँड. वेलँडमध्ये पेनाची बटणं आणि टॅब्लेटचा भाग ठरवणं डेस्कटॉपच्या हातात असतं, आणि एक्स11 गृहीत धरून लिहिलेली काही साधनं तिथे चालत नाहीत. चित्रकलेची सॉफ्टवेअर आधीच भरलेली हवी असतील तर उबुंटू स्टुडिओ आहे; त्यात केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप मिळतो.

इन्स्टॉल करण्याआधीची चाचणी

ही पायरी गाळू नका. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने मिंटची इन्स्टॉल फाइल (आयएसओ) चढवा. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची की दाबा (डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ12, एचपीवर एफ9) आणि पेनड्राइव्ह निवडा. हार्डडिस्कला हात न लावता मिंट उघडेल.

आता क्रिताच्या साइटवरून ॲपइमेज फाइल (इन्स्टॉल न करता चालणारा प्रोग्राम) उतरवून होम फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून थेट चालवू नका. पेनड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या फॅट32 फॉरमॅटमध्ये फाइलला 'चालवण्याची परवानगी' देता येत नाही. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, आणि प्रोग्राम म्हणून चालवण्याच्या चौकटीत खूण. क्रिता उघडल्यावर सेटिंग्ज, कॉन्फिगर क्रिता, टॅब्लेट सेटिंग्ज इथे टॅब्लेट टेस्टर आहे. त्यात हलक्या हाताने सुरू करून जोर वाढवत एक रेघ ओढा. दाबाचा आकडा हळूहळू चढला पाहिजे. तो एकाच जागी अडकला तर दाब पोहोचत नाही, फक्त जागा कळते.

वॅकॉम इंटुओस स्मॉलवर पेन टॅब्लेटच्या छोट्याशा भागातच चालत असेल, तर तो अँड्रॉइड मोडमध्ये गेलेला असतो. चार बटणांपैकी कडेची दोन एकत्र तीन-चार सेकंद दाबून धरा.

इन्स्टॉल करताना

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर लिनक्सला विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. मिंटला निदान 60 जीबी जागा द्या. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी निळा पडदा येतो. तिथे 'एन्रोल एमओके' निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्या. तो पडदा तसाच जाऊ दिला तर ड्रायव्हर लोड होत नाही.

बसवल्यावरची जुळणी

गोल काढला आणि अंडं झालं, तर टॅब्लेट आणि पडदा यांचं प्रमाण जुळत नाही. इंटुओस स्मॉलचा भाग 152 × 95 मिमी, म्हणजे 16:10. लॅपटॉप बहुधा 16:9. सिस्टम सेटिंग्जमधल्या ग्राफिक्स टॅब्लेटमध्ये 'कीप आस्पेक्ट रेशो' चालू करा. साडेनऊ मिमीची पट्टी वाया जाईल, पण गोल गोलच येईल. दोन मॉनिटर असतील तर तिथेच पेन एका मॉनिटरला बांधा.

चार्जर लावला की रेघ थरथरते आणि काढला की सरळ येते? ड्रायव्हर बदलत बसू नका, अर्थिंग तपासा. जुन्या इमारतीत, मग ती नौपाड्यातली असो की वाशीतली, तीन पिनी सॉकेट असूनही अर्थची वायर जोडलेली नसू शकते. इलेक्ट्रिशियनला दाखवा.

पावसाळ्यात वीज जाते, म्हणून डेस्कटॉपवाल्यांनी क्रिताचं ऑटोसेव्ह 5 मिनिटांवर आणावं. मराठी अक्षरांसाठी मुक्त किंवा बलू हे मोफत युनिकोड फाँट घ्या आणि मजकूर इंकस्केपमध्ये मांडा.

शेवटी मिंटमधल्या टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टमची एक प्रत घेऊन ठेवा. कर्नल अपडेटनंतर पेन बंद पडलं तर लॅपटॉप सुरू होताना दिसणाऱ्या ग्रब मेनूतल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून मागचं कर्नल निवडा. टाइमशिफ्ट होम फोल्डरमधल्या फाइल्स आपणहून घेत नाही. चित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.