कोकणातलं ऊन: कधी घ्यायचं, कधी टाळायचं

मालवण, वेंगुर्ला, हर्णै, कुठेही किनाऱ्यावर राहत असाल तर घड्याळापेक्षा आपली सावली बघायची सवय लावा. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक, व्हिटॅमिन डी तेव्हाच नीट तयार होतं आणि कातडी भाजते पण तेव्हाच, कारण दोन्ही कामं यूव्हीबी किरणांची, म्हणजे उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील (यूव्ही) किरणांच्या एका प्रकाराची. म्हणून अशा वेळी हात-पाय उघडे ठेवून थोडाच वेळ उभं राहायचं, आग व्हायच्या आत सावलीत. सावळ्या कातडीला जरा जास्त वेळ लागतो, कातडीतलं रंगद्रव्य, मेलॅनिन, किरण अडवतं ना. काचेआड बसून मात्र काही उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते आणि सुरकुत्या आणणारा यूव्हीचा दुसरा प्रकार, यूव्हीए, बराचसा आत सोडते.

मला खरी काळजी वाटते ती मासळी वाळत घालणाऱ्या बायकांची. तासन् तास वाकून काम, वरून ऊन, खालून कोरडी वाळू साधारण 15 टक्के यूव्ही परत फेकते, लाटांचा फेस तर 25 टक्के, आणि वारा असतो त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. हनुवटीखाली, कानांवर, मानेमागे, पायाच्या वरच्या बाजूला पण एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 चं सनस्क्रीन लावाच, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, दर 2 तासांनी परत. रोज परवडत नसेल तर जाड सुती फुल बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी, हे तर मी सनस्क्रीनच्याही आधी सांगेन. ढग आले म्हणून टोपी काढू नका.

एखादा तीळ वाढतोय, रंग बदलतोय किंवा जखम महिनाभर भरत नाहीये, तर मलम लावत बसू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा.