स्वरतंतूंत बोटॉक्स घ्यायचं का? ठरवण्याआधी आणि घेतल्यावर

'आई', 'आठ', 'उद्या' असे शब्द सुरू करतानाच घसा आवळतो. वाक्य मध्येच तुटतं, फोन उचलला की आणखी बिघडतं. पण हसताना, कुजबुजताना किंवा भजनात चाल धरल्यावर तोच आवाज मोकळा निघतो. हे महिनोन्महिने चालू असेल, तर स्पास्मोडिक डिस्फोनिया या आजाराचा विचार करावा लागतो. यात स्वरतंतू धडधाकट असतात. त्यांना हलवणाऱ्या स्नायूंना मेंदूकडून चुकीचे इशारे येतात. म्हणूनच साध्या तपासणीत काही दिसत नाही आणि पेशंट 'टेन्शन घेऊ नका' ऐकून अॅसिडिटीच्या गोळ्या खात वर्ष काढतो. आजार बहुधा मध्यम वयात सुरू होतो, बायकांमध्ये जास्त दिसतो.

त्यावरचं बोटॉक्स (स्नायू काही काळ सैल करणारं औषध) इंजेक्शन चांगलं आहे, पण ते आजार मुळातून घालवत नाही. साधारण तीन-चार महिन्यांचा आवाज मिळतो, मग पुन्हा सुई. त्यामुळे 'घ्यायचं का' यापेक्षा 'हे चक्र माझ्या कामात, खिशात आणि प्रवासात बसतं का' हा प्रश्न आधी सोडवा.

आधी निदान पक्कं करा

तंबाखू, गुटखा, बिडी असेल आणि आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा असेल, तर इंजेक्शनचं नावही काढू नका. पहिली दुर्बीण कॅन्सर नाही ना हे बघायला. ही तपासणी कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात, पेशंट खुर्चीत बसलेला असतानाच. संभाजीनगरची घाटी, लातूर, नांदेड (विष्णुपुरी) आणि अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत हा विभाग आहे. दुर्बीण नाकातून जाणारी, लवचिक हवी. जीभ बाहेर ओढून तोंडातून कडक दुर्बीण घातली की नीट बोलताच येत नाही, आणि हा आजार तर बोलतानाच दिसतो.

घरी एक चाचणी करून बघा. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी असे एकोणनव्वदपर्यंत आकडे म्हणा, मग एकसष्ट ते अडुसष्ट. पहिल्या रांगेत प्रत्येक 'ऐं'वर आवाज आवळत असेल, तर स्वरतंतू घट्ट मिटण्याचा प्रकार असू शकतो. बहुतेक पेशंट याच प्रकारातले. दुसऱ्या रांगेत 'स', 'ष्ट'नंतर आवाज हवेत विरत असेल, तर तंतू अवेळी उघडण्याचा प्रकार, जो दुर्मीळ आणि इंजेक्शनला जरा हट्टी. यावरून निदान होत नाही, पण ही फाइल डॉक्टरांना ऐकवा. दवाखान्यात आवाज नेमका त्या दिवशी बरा निघतो, हे नेहमीचंच.

सारखीच लक्षणं देणारा दुसरा आजार म्हणजे गळ्याचे स्नायू ताणून बोलण्याची सवय. तिथे बोटॉक्स नव्हे, स्पीच थेरपी हा उपाय आहे. म्हणून इंजेक्शनआधी आवाजाचं काम जाणणाऱ्या थेरपिस्टकडे काही बैठका घ्याव्यात. थेरपीने आवाज साफ मोकळा झाला, तर सुई वाचली. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण या विषयांसाठीच आहे. तिकडं जाणं होणार असेल, तर आधी फोन करून वेळ घ्या.

आणखी एक गल्लत फार होते. 'घशातलं इंजेक्शन' या एका नावाखाली दोन उलट्या गोष्टी चालतात. बोटॉक्स स्नायू सैल करतं. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर एक स्वरतंतू लुळा पडला असेल, तर त्यात हायलुरॉनिक अॅसिड, कॅल्शियमचं जेल किंवा स्वतःची चरबी भरून तो फुगवतात. लुळ्या तंतूला बोटॉक्स दिलं तर आवाज आणखी जाईल. शेजारच्या बाईला कशाने गुण आला यावर जाऊ नका; आपल्या कागदावर निदान काय लिहिलंय ते वाचा.

ठरवताना विचारायचं

मायस्थेनिया ग्रेव्हिस किंवा स्नायू दुबळे करणारा दुसरा आजार असेल, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर हे इंजेक्शन बहुधा टाळतात. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तर सांगा. ती बोटॉक्सचा परिणाम वाढवतात. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तीही सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका.

आवाजासाठीचा वापर औषधाच्या मूळ मंजुरीत बसत नाही, तरी जगभर १९८४ पासून तो चालत आलाय. याचा व्यवहारी अर्थ एवढाच, की विमा कंपनी हात वर करू शकते. आधी लेखी विचारा. सरकारी योजनेत असाल तर आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

खर्चाचं गणित मजेशीर आहे. कुपी ५० किंवा १०० युनिटची येते आणि लागतात दोन्ही बाजू मिळून सहसा दोन ते पाच युनिट. बाकीचं वाया. म्हणून काही ठिकाणी पाच-सहा पेशंट एकाच दिवशी बोलावतात. दर कुपीचा आहे की युनिटचा, आणि कुपी किती वाजता फोडणार, हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका. सलाईन मिसळल्यावर ती २४ तासांत वापरायची असते.

मेडिकलमधून स्वतः आणायला सांगितली तर थंडीची साखळी तुमच्या अंगावर येते. औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात एसटीच्या सीटवर पिशवीत ठेवून नेलेल्या कुपीवर भरवसा ठेवता येत नाही. थर्माकोलचा डबा आणि बर्फाची पाकिटं घ्या, मध्ये फडकं ठेवा म्हणजे कुपी गोठणार नाही. शक्यतो त्याच दवाखान्याच्या फ्रिजमधली घ्या.

तारीख उलटी मोजून ठरवा. परिणाम १ ते ३ दिवसांत सुरू होतो, मग एक ते दोन आठवडे आवाज फुसका आणि हवेशीर निघतो, त्यानंतर चांगला काळ. शाळा जूनच्या मध्यावर उघडणार असेल, तर शिक्षकाने मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घ्यावं. कीर्तनकारांनी सप्ताहाच्या तोंडावर घेऊ नये. टिपेचा सूर आणि जोर दोन्ही काही काळ जातात. हे त्यांना कोणी आधी सांगत नाही.

सुईच्या दिवशी

नेहमीची पद्धत मानेतून आहे. खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात, चामडीवर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कंठमण्याच्या खालच्या खाचेतून बारीक सुई वर वळवून स्वरतंतूच्या स्नायूत नेतात. सुई ईएमजी यंत्राला (स्नायूतले विजेचे इशारे ऐकवणारं यंत्र) जोडलेली असते. 'ई' म्हणायला सांगतात; सुई योग्य स्नायूत असेल तर यंत्राचा खरखराट एकदम वाढतो, तेव्हाच औषध सोडतात. मध्ये आवंढा गिळू नका, सांगितल्याशिवाय बोलू नका. खोकला आला तर हाताने खूण करा. सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं आणि घरी जाता येतं. दुर्बिणीतून बघत देण्याची पद्धतही आहे. त्यात घसा बधिर करतात, म्हणून बधिरपणा जाईपर्यंत, तासभर तरी, काही खायचं-प्यायचं नाही.

पहिला डोस बहुधा दर बाजूला १ ते १.२५ युनिटच्या आसपास ठेवतात. १०० युनिटच्या कुपीत ८ मिली सलाईन घातलं तर ०.१ मिलीत १.२५ युनिट येतात, ४ मिली घातलं तर २.५. थेंब तेवढाच, औषध दुप्पट. म्हणून 'तेवढंच दिलं' हे पुरेसं नाही. कोणता ब्रँड, किती युनिट, कोणत्या बाजूला, हे कागदावर लिहून घ्या. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटबरोबर जुळत नाही. उघडण्याच्या प्रकारात मागच्या स्नायूत देतात आणि बहुधा एका वेळी एकच बाजू, कारण दोन्ही बाजू ढिल्या पडल्या तर श्वासाची वाट अरुंद होते.

पहिले पंधरा दिवस

आवाज फुसका झाला म्हणजे बिघडलं असं नाही. पण ओरडून भरपाई करू नका आणि कुजबुजतही बसू नका. साधं, हळू, जवळ जाऊन बोला. वर्गात छोटा माईक वापरा.

त्रास होतो तो पातळ पदार्थांचा. स्वरतंतू नीट मिटत नाहीत, पाणी श्वासनलिकेकडे डोकावतं आणि ठसका लागतो. तांब्या वर धरून घटाघट पाणी प्यायची सवय या काळात बंद. पेला ओठाला लावून, हनुवटी छातीकडे झुकवून, छोटा घोट. चहा आणि ताकही तसंच. येसराची तिखट, पातळ आमटी काही दिवस राहू द्या. भाकरी दाट वरणात कुस्करली तर सोपी जाते. जेवताना बोलू नका. ठसका सहसा आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. पाणीच खाली उतरेना, ताप-खोकला आला, तर डॉक्टरांकडे. श्वास घेताना घर्र आवाज यायला लागला, तर वाट न बघता १०८.

डोस बसवताना

पहिलं इंजेक्शन म्हणजे अंदाज. दर रविवारी तोच एक परिच्छेद मोबाइलवर वाचून ठेवा आणि चार तारखा लिहा: फुसका कधी झाला, चांगला कधी झाला, अडखळ कधी परतली, पुढची सुई कधी. या कागदाशिवाय डॉक्टर पुढचा डोस अंदाजानेच देणार.

काहीच फरक पडला नाही, तर सुई स्नायू चुकली, डोस कमी पडला किंवा निदानच चुकलं. तिन्ही शक्यता विचारा. महिनाभर आवाज फुसकाच राहिला, तर डोस जास्त झाला. पुढच्या वेळी कमी करतात किंवा आलटून-पालटून एकाच बाजूला देतात. आवळणं गेलं पण आवाज थरथरतोच, तर कंपही सोबत आहे. तो या सुईने पूर्ण जात नाही. गुण कमी वाटला म्हणून पंधरा दिवसांत वरून थोडं घ्यायचा हट्ट धरू नका. वरचेवर दिलेल्या डोसांनी शरीर औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं आणि मग पुढची सुई लागूच पडत नाही. दोन डोसांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायचा प्रघात त्यासाठीच आहे.

तीन-चार वेळा डोस बदलूनही चांगला काळ जेमतेम महिनाभर टिकत असेल, तर स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियांबद्दल विचारा. नस बदलून जोडण्याची आणि कूर्चा रुंद करण्याची, अशा दोन्ही आहेत. पण नस बदलून जोडलेली मागे घेता येत नाही, त्यामुळे अशा शस्त्रक्रियांसाठी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.